वडिलांची बदली झाली, आईची नोकरी दिवसभर. वडोदऱ्यात आजी-आजोबांजवळ वाढणारा ८ वर्षांचा मुलगा मनाने कच्चा राहील का?

नाही, तेवढ्याने राहणार नाही. त्याला आपलं मानणारं एक तरी मोठं माणूस रोज, भरवशाने जवळ असलं पाहिजे, आणि ते आजी-आजोबाही असू शकतात. हे नुसतं माझं मत नाही. हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या मानसशास्त्रज्ञांनी कित्येक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईबापांचं आजारपण किंवा व्यसन अशा वातावरणात वाढलेल्यांपैकीही जवळपास एक तृतीयांश मुलं धडपणे उभी राहिली. त्यांच्यापैकी बहुतेकांना आजी, मावशी, शिक्षक, शेजारी असं कुणीतरी धरून होतं. मात्र धरून ठेवणं म्हणजे प्रत्येक अडचण आपण सोडवणं नव्हे (आजोबा मंडळी इथेच चुकतात!). उत्तरायणात गच्चीवर पतंग कापला गेला की लगेच दुसरा हातात कोंबू नका. फिरकी धरून शेजारी थांबा, दोन मिनिटं रडू द्या, मग म्हणा, "आता कन्नी तू बांध, मी बघतो." सुटली तर सुटली, पुन्हा बांधेल. बाबांनीही रोज ठरल्या वेळी फोन करावा. रविवारी तासभर बोलण्यापेक्षा रोजची दहा मिनिटं बरी. एक मात्र बघा: झोप, जेवण, शाळा यांत काही आठवडे सतत बिघाड दिसला, तर आजीच्या मायेवर भागवू नका, बालरोगतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना दाखवा.