लेथच्या शेडमधला बँड

प्रश्न : माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याने तीन मित्रांसह पंक रॉकचा बँड काढला असून, शिवाजी उद्यमनगरातील माझ्या मेहुण्यांच्या लेथच्या शेडमध्ये कामगार घरी गेल्यावर त्यांचा सराव चालतो. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात त्यांचे तिसरे गाणे चालू असतानाच आयोजकांनी वीज बंद केली, त्यावरून धक्काबुक्की झाली आणि एक स्पीकर फुटला. त्याची भरपाई मी केली. मी देवल क्लबच्या शास्त्रीय संगीताच्या बैठकांना जाणारा माणूस आहे. याला संगीत म्हणावे काय, आणि हे थांबवावे काय?
— एक पालक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : वीज बंद होणे हा या संगीतात अपशकुन मानत नाहीत. लंडनच्या सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा पहिला कार्यक्रम ६ नोव्हेंबर १९७५ रोजी एका कला महाविद्यालयातच झाला आणि तोही असाच मध्येच बंद पाडण्यात आला. ४ जून १९७६ रोजी त्यांना मँचेस्टरला आणले ते हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली या बोल्टनच्या महाविद्यालयात भेटलेल्या दोन तरुणांनी. सभागृह त्यांनीच ठरवले, आणि प्रेक्षक आले जेमतेम चाळीसेक. त्या चाळिसांतल्या पीटर हुकने दुसऱ्या दिवशी बेस गिटार विकत घेतली, आणि पुढे त्याचा व त्याच्या मित्राचा बँड जॉय डिव्हिजन म्हणून नावारूपाला आला. डिव्होटो आणि शेली यांच्या बझकॉक्स या बँडने जानेवारी १९७७ मध्ये सुमारे पाचशे पौंड उसने घेऊन स्वतःची तबकडी स्वतःच काढली. अमेरिकेत लाकूडतोडीवर जगणाऱ्या अ‍ॅबर्डीन या लहान गावातील निर्वाणा या बँडने १९८७ मध्ये पहिला कार्यक्रम केला तो तर कोणाच्या तरी घरच्या पार्टीत. ज्यांना रंगमंच कोणी देत नव्हते, त्यांनी तो असा मिळवला. दंगा त्या ओघात झाला. तोच या संगीताचा प्राण आहे असे मानणाऱ्यांशी मी सहमत नाही.

आता आपला पहिला प्रश्न. ही मुले गिटारवर जी पॉवर कॉर्ड वाजवतात, तिच्यात मूळ स्वर आणि त्याचा पंचम एवढेच असते. अ‍ॅम्प्लिफायरवर मुद्दाम जास्त भार देऊन आवाज खरखरीत केला की त्यातून इतके उपस्वर उमटतात की तिसरा स्वर, म्हणजे गांधार, त्यात गढूळ होऊन जातो. म्हणून तो वगळतात. देवल क्लबच्या बैठकीत आपल्या कानावर तंबोऱ्यातून तासन्‌तास पडतो तो हाच षड्ज-पंचम. आपल्याला हे संगीत आवडावे असा माझा आग्रह नाही, पण ते बेसूर असेल तर दोष मुलांचा, प्रकाराचा नव्हे. हलगीवाला विस्तवावर चामडे शेकून घेतल्याशिवाय टिपरू उचलत नाही. गिटारच्या सहा तारा सुरात लावल्याशिवाय यांनीही सुरुवात करू नये.

सुरुवातीच्या गोंधळाचे एक साधे कारण मात्र शेडमध्येच सापडेल. ड्रमला आवाजाचे बटण नसते. त्यामुळे गिटारवाला ड्रमच्या वर ऐकू यावे म्हणून आवाज वाढवतो, मग बेसवाला वाढवतो, गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू येईनासा होतो आणि तो ओरडू लागतो. त्यात पत्र्याचे छप्पर आणि उघड्या भिंती यांमुळे प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो. घरातल्या जुन्या वाकळा भिंतींवर टांगाव्यात आणि एक मोठ्या ड्रमच्या पोटात कोंबावी. बाहेर जाणारा आवाज त्याने फारसा अडणार नाही, पण घुमणे कमी होऊन मुलांना एकमेकांचे वाजवणे ऐकू येईल आणि बटणे आपोआप खाली येतील. कानांसाठी औषधांच्या दुकानात फोमचे बोळे मिळतात तेच वापरावेत. कापसाचा उपयोग होत नाही.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार दिवसाची मर्यादा औद्योगिक क्षेत्रात ७५ आणि निवासी क्षेत्रात ५५ डेसिबल आहे, आणि रात्री दहानंतर ध्वनिवर्धक चालत नाही. म्हणून सराव संध्याकाळी सात ते नऊ ठेवावा. शेजाऱ्यांना त्याचे दिवस मुलांनीच जाऊन सांगावेत. आपण मध्ये पडू नये.

तेव्हा थांबवू नये, पण स्पीकरचे पैसे मात्र चौघांकडून हप्त्याने का होईना वसूल करावेत. स्वतःच्या हिमतीवर बँड काढणाऱ्यांची भरपाई वडिलांनी करणे हे या परंपरेला मुळीच शोभत नाही. आणि एखाद्या संध्याकाळी शेडमध्ये लेथशेजारच्या स्टुलावर जाऊन बसावे. स्नेहसंमेलनात तिसरे गाणे अर्धेच राहिले होते. ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायला सांगावे.