पॅकेजेस काढूनही क्लाउड इमेज लहान का होत नाही?

डेबियन या लिनक्स प्रणालीच्या क्लाउड इमेजमधून, म्हणजे आभासी मशीनच्या तयार डिस्कमधून, नको असलेली पॅकेजेस काढली, तरी ती डिस्क साठवणारी क्यूकाऊ-२ फाइल होती तेवढीच राहिली, असे आपण विचारले आहे. याचे कारण असे की, फाइल पुसल्यावर फाइलसिस्टिम ती जागा मोकळी झाल्याची केवळ नोंद करते; ब्लॉकमधला जुना डेटा जागेवरच राहतो आणि इमेजही तो सांभाळत बसते. म्हणून पॅकेजेस बसवणाऱ्या ॲप्टची कॅशे (उतरवून ठेवलेल्या फाइल्स) रिकामी करावी, मशीन बंद करावे आणि मग इमेजमधली मोकळी जागा खरोखर काढून टाकणारे व्हर्ट-स्पार्सिफाय तिच्यावर चालवावे.

मात्र माझ्या मते, फुगलेली इमेज खरवडत बसण्यापेक्षा डेबियन शून्यापासून उभारणाऱ्या डीबूटस्ट्रॅपच्या ‘मिनबेस’ या किमान पॅकेजेसच्या प्रकारापासून सुरुवात करून, शिफारस केलेली पॅकेजेस आपोआप येणार नाहीत अशी ॲप्टची मांडणी करणे कितीतरी चांगले. सर्वांत मोठी बचत कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, होते: डेबियन १२ मध्ये नेहमीच्या कर्नलचे पॅकेज एकटेच सुमारे ४०० एमबी जागा घेते, तर आभासी मशीन्ससाठीच्या क्लाउड कर्नलमधून प्रत्यक्ष हार्डवेअरचे बहुतेक ड्रायव्हर वगळलेले असल्याने तो बराच लहान असतो. जीपीयू (ग्राफिक्स प्रोसेसर) जोडायचा असेल, तर मात्र तो क्लाउड कर्नलवर चालतो का, हे आधी तपासून घ्यावे.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. मशीन बंद करण्यापूर्वी त्याची ओळख ठेवणारी ‘मशीन-आयडी’ फाइल रिकामी करावी, पण काढून टाकू नये, आणि एसएसएचच्या (दूरून लॉगिन करण्याच्या सेवेच्या) होस्ट कीज, म्हणजे मशीनच्या ओळखीच्या किल्ल्या, पुसाव्यात. एकाच इमेजपासून उभ्या केलेल्या दोन मशीन्सना, नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडून एकच आयपी पत्ता मिळालेला मी पाहिला आहे, आणि त्याचे मूळ ‘मशीन-आयडी’ या एका ओळीच्या फाइलमध्ये होते.