अनुदान येईल तेव्हा येईल, पीककर्जाची तारीख मात्र ठरलेली आहे

प्रश्न: जालना जिल्ह्यात वडिलांच्या नावावर अडीच एकर आहे, सगळा ऊस. ठिबकाचं कोटेशन 1 लाख 60 हजार. महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या योजनांच्या पोर्टलवर, पूर्वसंमती मिळाली आहे. 80 टक्के अनुदान धरलं तर खिशातून 32 हजारच जातात. गावच्या विकास सोसायटीचं बिनव्याजी पीककर्ज उचलून विक्रेत्याला द्यायचं आणि अनुदान आलं की भरून टाकायचं, असा विचार आहे. 90 हजारांची एफडी मोडायची नाही. बरोबर चाललंय ना?

उत्तर: ठिबक जरूर घ्या, पण या पैशांतून नको.

आधी ते 32 हजार. अल्पभूधारकाला केंद्राचे 55 आणि राज्याचे 25 मिळून 80 टक्के मिळतात, हे खरं. पण ते दुकानाच्या बिलावर नाही, लागवडीच्या अंतराप्रमाणे सरकारने ठरवलेल्या खर्चमर्यादेवर. तुमच्या क्षेत्राला ती मर्यादा समजा 1 लाख 25 हजार बसली, तर अनुदान 1 लाख आणि तुमचा वाटा 60 हजार. विक्रेता हा हिशेब आपणहून सांगत नाही. सहायक कृषी अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे कृषी सहायक) खरा आकडा काढून घ्या.

आता पीककर्ज. ते बिनव्याजी पडतं ते मुदतीत भरलं तरच. ठिबकात मात्र आधी पैसे मोजायचे, संच बसवायचा, बिल अपलोड करायचं, मग मोका तपासणी, म्हणजे शेतावर येऊन संचाची पाहणी, आणि त्यानंतर कधीतरी खात्यात रक्कम. वर्ष उलटलं तरी अनुदान आलं नाही, ही तक्रार आपल्याकडे नवी नाही. मुदत हुकली की व्याजाची सवलत गेली, तुम्ही थकबाकीदार, आणि पुढच्या हंगामाचं कर्जही अडलं. शिवाय खताला आणि मजुरीला मग पैसे कुठून आणणार?

माझ्या मते एफडी मोडा. ती अडीअडचणीसाठी ठेवलीय हे कळतं, पण 60 हजार ठिबकात घालून 30 हजार उरतातच. राहिलेल्या 1 लाखासाठी बँकेत सोनेतारण करा. दहा टक्के दर धरला तर वर्षाला 10 हजार व्याज, अनुदान दीड वर्ष रखडलं तर 15 हजार. एवढं व्याज डोक्यावर घेऊनही ठिबक परवडतं का, हे स्वतःला विचारा. मार्चमध्ये विहीर तळ गाठत असेल, तर उत्तर तुम्हाला माहीत आहे. आणि ‘एक रुपया देऊ नका, फक्त कोरा चेक सही करून द्या’ असं कुणी विक्रेता म्हणाला, तर चहा पिऊन निघून या.

एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहिलीत, मला ती महत्त्वाची वाटते. सातबारा वडिलांचा, म्हणजे अर्ज त्यांचा आणि अनुदानही त्यांच्या आधार जोडलेल्या खात्यात. सोनं मात्र बहुधा तुमच्या पत्नीचं गहाण पडणार. भाऊ असेल तर ‘अनुदान आलं की आधी सोनं सोडवायचं’ हे आजच चौघांसमोर बोलून घ्या. वडिलांचं पासबुक भरून आणा. पीएम-किसान आणि नमो शेतकरीचे हप्ते, दोन्ही मिळून वर्षाला 12 हजार, त्यात नियमित पडत असतील तर खातं ठीक आहे. वडिलांची ना नसेल, तर सोनेतारणाचं व्याज त्यातूनच भरा.