वाचकांचे प्रश्न : रूपांतर, कायापालट की कायाकल्प?

प्रश्न : ६ ऑगस्टच्या सणासाठी चर्चचा मराठी फलक लिहायचा आहे. 'प्रभूचे रूपांतर' फार कोरडं वाटतं, म्हणून काहीजण 'प्रभूचा कायापालट' सुचवतात. आणि आमच्या तळ्याच्या कामावर 'तळ्याला कायाकल्प' अशी पाटी लागलीय. बरोबर काय?
— एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)

उत्तर : सणाला 'रूपांतर'च ठेवा. कायापालट म्हटला की आधी अवकळा होती, हे न सांगताच कळतं. पडक्या शाळेचा कायापालट होतो. बायबलमधल्या शुभवर्तमानातल्या प्रसंगात तसं काही नाही. डोंगरावर पेत्र, याकोब आणि योहान यांच्यादेखत येशूचं मुख सूर्यासारखं तळपलं, वस्त्रं शुभ्र झाली, मोशे आणि एलिया त्याच्याशी बोलताना दिसले. अंगचं तेज शिष्यांना दिसलं, इतकंच. गीतेच्या अकराव्या अध्यायालाही आपण 'विश्वरूपदर्शन' म्हणतो. कृष्णाचा कायापालट झाला असं कुणी म्हणत नाही.

कोरडेपणाची तक्रार मात्र रास्त आहे. रसाचं गुळात रूपांतर, शेतजमिनीचं बिगरशेतीत रूपांतर, अशा वापराने शब्द कामकाजी झालाय. म्हणून 'प्रभूचे तेजोमय रूपांतर' लिहा. रू दीर्घच, 'रुपया', 'रुपेरी' हाताला सवयीचे असल्याने रंगारी हमखास ऱ्हस्व काढतो. रंगवण्याआधी खडूची अक्षरं तपासा.

आता तळं. 'कायाकल्प' आयुर्वेदातला : शरीर पुन्हा तरुण करण्याचा उपचार. त्याचा एक प्रकार कुटीत राहून करायचा असतो. बनारस हिंदू विद्यापीठाचे संस्थापक मदनमोहन मालवीय यांनी १९३८ मध्ये तो करून घेतला होता. तळ्यासाठी हा शब्द लाक्षणिक अर्थाने चालतो, चूक आहे ती 'ला'मध्ये. कन्नड वर्तमानपत्रांत 'केरेगे कायकल्प' हा मथळा नेहमीचा. 'केरेगे' म्हणजे 'तळ्याला'. कन्नड मजकुरावरून घाईने मराठी केलं की ती विभक्ती तशीच चिकटून येते. आपल्याकडच्या दुभाषी पाट्यांवर हे सर्रास दिसतं. मराठीला इथे षष्ठी लागते : तळ्याचा कायाकल्प.

त्यापेक्षा 'तळ्याचा कायापालट' सरळ. 'पालट', 'पलट' नव्हे. ते हिंदी वळण. शब्द रूढ मराठीत पुल्लिंगी, म्हणून कायापालट 'झाला'. आणि नुसता गाळच उपसला असेल, तर 'गाळ काढला' एवढंच लिहायला सांगा.