डबा तसाच परत येतो, शाळा बदलू का?

चौथीतल्या एका मुलीच्या आईचा प्रश्न होता: "हिला 25 टक्क्यांतून पहिलीला इंग्रजी शाळेत प्रवेश मिळाला. आतापर्यंत बरं चाललं होतं. दिवाळीनंतर मात्र डबा तसाच परत येतोय. मधल्या सुट्टीत कुणी शेजारी बसत नाही, 'आरटीईवाली' म्हणतात. शाळा बदलू का?" (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

शाळा बदलायची घाई नको. शिक्षण हक्क कायद्यातली (आरटीई) ही 25 टक्के राखीव, मोफत जागा आठवीपर्यंत त्याच शाळेत असते. कलम 5 शाळा बदलण्याचा हक्क देतं, पण खासगी विनाअनुदानित शाळा त्यातून वगळल्या आहेत. म्हणजे ही जागा सोडली, तर दुसऱ्या तशा शाळेत ती हक्काने मागता येणार नाही.

मुळात मुलांना कळलं कुठून? गणवेश एकच, पुस्तकं तीच. वर्गात जाऊन पाहिल्यावर उलगडा झाला. कागदपत्रं गोळा करताना बाई "आरटीईची मुलं उभी राहा" म्हणायच्या. सहलीच्या पैशांची यादी फळ्याशेजारी चिकटवलेली, त्यात या मुलांच्या नावांभोवती लाल गोल. बाईंच्या मनात वाईट काही नव्हतं, त्यांना काम उरकायचं होतं. पण चाळीस मुलांनी ती यादी रोज वाचली.

म्हणून पहिलं काम यादी काढण्याचं. कागदपत्रं पालकांनी बंद पाकिटात थेट कार्यालयात द्यायची, पैशांचा हिशोब क्लार्ककडे, वर्गात एक शब्द नाही. मुख्याध्यापिकांना परिपाठात समानतेवर भाषण ठेवायचं होतं. ते थांबवलं. अशा भाषणात सगळ्यांच्या माना त्या एका मुलीकडे वळतात.

मग चिठ्ठ्या. प्रत्येक मुलाने दोन प्रश्नांची उत्तरं लिहायची: डबा खायला कुणासोबत बसायला आवडेल, आणि प्रकल्प कुणासोबत करायला आवडेल? प्रत्येकी तीन नावं. 'कुणासोबत नको' हे कधीही विचारू नये. मुलं ते बाहेर जाऊन सांगतात. चिठ्ठ्या बाईंनी घरी नेऊन मोजायच्या, टेबलावर ठेवायच्या नाहीत. डब्यासाठी या मुलीचं नाव एकाही चिठ्ठीत नव्हतं, प्रकल्पासाठी मात्र दोघींनी लिहिलं होतं. सुरुवात त्या दोघींपासून केली. दर सोमवारी अख्ख्या वर्गाच्या जागा बदलायच्या आणि त्यात या तिघी जवळ येतील असं बघायचं. एकट्या तिचीच जागा हलवली असती, तर पुन्हा बोट तिच्याकडेच गेलं असतं.

खरा फरक पडला तो तुकड्या-तुकड्यांनी शिकण्याच्या पद्धतीने. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरनसन यांनी ती 1971 मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात बसवली. तिथे कृष्णवर्णीय, गोरी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि भांडणं विकोपाला गेली होती. इथे विषय घेतला किल्ल्यांचा. पाच-पाच मुलांचे आठ गट. प्रत्येक गटात एकाकडे गिरिदुर्ग, एकाकडे जलदुर्ग, मग भुईकोट, तट-दरवाजे आणि पाण्याची टाकी. एकाच भागाची आठ मुलं चार-चार करून दहा मिनिटं बसतात, तयारी करतात आणि आपापल्या गटात परतून शिकवतात. या मुलीकडे टाकी होती. गडावर पाणी कुठून येतं, टाकी खोदताना निघालेला दगड कुठे जातो, हे गटात फक्त तिलाच माहीत. इंग्रजीला ती अडखळते, म्हणून टाक्यांचा कागद सगळ्याच आठ जणांना आदल्या दिवशी दिला आणि तयारीला मराठी चालेल असं सांगितलं.

पद्धत फसते ती गुणांपाशी. गटाला एकत्र गुण दिले की मागे पडणाऱ्यावर खापर फुटतं; शेवटची चाचणी ज्याची त्यानेच द्यायची. आणि हे आठवड्यातून दोनदा, निदान दीड महिना तरी चालायला हवं. एकदा करून सोडलं तर ती नुसती गंमत ठरते. दीड महिन्यानंतरच्या चिठ्ठ्यांत डब्यासाठी तिचं नाव तिघांनी लिहिलं. एक मुलगा अजूनही चिडवतो. त्याच्याशी बाई वेगळं, एकट्याने बोलतात.

आईने घरी "आज कुणी त्रास दिला?" असं विचारणं बंद केलं. "आज काय खेळलात?" एवढंच. डब्यात पास्ता-नूडल्स देऊन बरोबरी करायचाही प्रयत्न नको. पोरं ते लगेच ओळखतात. भाजी-पोळीच राहू द्या.

शाळा ऐकत नसेल, तर तारीख, प्रसंग आणि नेमके शब्द लिहून अर्ज द्या आणि पोच घ्या. कलम 17 नुसार मानसिक छळाला बंदी आहे. कलम 32 खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा, आणि त्यावर राज्य बाल हक्क आयोगाकडे अपील आहे. मात्र मुलीची झोप उडाली, ती अंथरूण ओलं करू लागली किंवा "मी नसले तर बरं" असं बोलली, तर अर्जाची वाट न बघता बालमानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक रात्रीही लागतो.