मोड आलेले बाजारातले बटाटे घरी गोणीत लावले तर चालतील का?

चालतात. उगवतातही झकास. पण पाला उगवला म्हणजे खाली बटाटा धरलाच असं नाही, हे मला माझ्या धाकट्या दिरांमुळे कळलं.

भाऊजींची शेती आंबेगाव तालुक्यात, सातगाव पठारावर. तिकडे पावसाळ्यात बटाटा करतात, त्यामुळे बटाट्याच्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचा. तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये पुण्याला आले, गच्चीतल्या माझ्या दोन गोण्या बघितल्या आणि म्हणाले, "वहिनी, नुसत्या शेणखतावर काय होतंय? युरिया टाका."

टाकला. पाला असा माजला की शेजारच्या काकू बघायला आल्या. एप्रिलअखेर गोणी उलटी केली तर सुपारीएवढे सात बटाटे. भाऊजी तेव्हाही हजर. "रस्सा पुरेल ना सगळ्यांना?" अजून प्रत्येक लग्नात हा किस्सा सांगतात, युरियाचं तेवढं गाळून.

युरियातून नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की झाड पाल्यातच रमतं. शिवाय कंद धरायला रात्रीचा गारवा लागतो, साधारण 20 अंशांच्या आत. पठारावर पावसाळ्यात तो मिळतो, पुण्याच्या एप्रिलमध्ये कुठून आणणार?

पुढच्या वर्षी दिवाळी झाल्यावर लावले. मंचरहून पुखराज जातीचं बेणं, म्हणजे लावायचे बटाटे, आणलं, दोन-दोन डोळ्यांचे तुकडे केले, दोन दिवस सावलीत सुकवले. झाड वीतभर झाल्यावर मातीची भर, पंधरा दिवसांनी पुन्हा भर. युरियाचा दाणा नाही. पाला पिवळा पडल्यावर पाणी तोडलं. फेब्रुवारीत काढले तर पावणेतीन किलो! अर्धा किलो भाऊजींना पाठवले. त्यांचा फोन: "मंडईतून आणले ना?"

आता खरं सांगायचं तर पहिल्या वेळी फेब्रुवारीत लावले ही चूक माझीच. पण शेतकरी माणसाने निदान तेवढं तरी सांगायचं.

हां, तुमचे बाजारातले. शीतगृहातल्या काही बटाट्यांवर मोड येऊ नयेत म्हणून औषध मारलेलं असतं, ते रुसून बसतात. तुमच्याकडच्यांना मोड आलेत, तर लावा. फक्त त्यांच्यातून रोग येऊ शकतो, म्हणून जमलं तर बेणंच आणा. टोमॅटो-वांग्याची जुनी माती नको. उन्हाने हिरवा झालेला बटाटा खाऊ नका.

आणि भाऊजी, वाचत असाल तर गोणी उलटी करतानाचा व्हिडिओ आहे माझ्याकडे.