धावल्याने म्हातारपणी गुडघे जातात का? पोहण्याकडे वळावं का?

तुम्ही लिहिलंय की चाळिशी जवळ आलीय, आठवड्यातून तीन-चार वेळा पाच-सहा किलोमीटर धावता, गुडघे दुखत नाहीत. पण घरची मंडळी म्हणतात, ‘आत्ता वापरून टाकशील तर पुढे काय करशील?’ मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. धावत राहा. गुडघे वाचवण्यासाठी हौशी धावणं सोडायचं काही कारण मला दिसत नाही.

२०१७ साली बऱ्याच अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहिली गेली. हौशी धावपटूंमध्ये गुडघ्याचा किंवा खुब्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्याची झीज, होती ३.५ टक्के लोकांना, न धावणाऱ्या बैठ्या लोकांमध्ये १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांमध्ये १३.३ टक्के. लगेच हुरळून जाऊ नका. ज्याचा गुडघा दुखू लागतो तो धावणं सोडतोच, त्यामुळे उरलेले धावपटू मुळात धडधाकट असतात. धावण्यामुळे गुडघे वाचतात असं यावरून छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण हौशी धावण्याने ते जातात म्हणणाऱ्यांना तर या आकड्यांत काहीच आधार नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात वयस्क धावपटूंचे जवळजवळ दोन दशकं एक्स-रे काढले गेले, त्यातही न धावणाऱ्यांपेक्षा जास्त झीज सापडली नाही.

गुडघा म्हणजे ठरावीक किलोमीटर चालणारा टायर नव्हे. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. भार पडला की ती दबते, सुटला की फुगते आणि या ये-जा करणाऱ्या द्रवातूनच तिला बरंचसं पोषण मिळतं.

मग धोका कशात आहे? १९९५ मध्ये फिनलंडच्या माजी अव्वल खेळाडूंचे गुडघे तपासले गेले. झीज आढळली ती नेमबाजांपैकी ३ टक्क्यांत, धावपटूंपैकी १४, फुटबॉलपटूंपैकी २९ आणि वेटलिफ्टरांपैकी ३१ टक्क्यांत. फुटबॉलवाल्यांच्या बाबतीत मुख्य कारण निघालं गुडघ्याच्या दुखापती, वेटलिफ्टरांच्या बाबतीत शरीराचं जास्त वजन. गुडघ्यातलं एसीएल लिगामेंट (हाडं जोडून ठेवणारा पट्टा) किंवा मेनिस्कस (हाडांमधली गादी) फाटलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना दहा-वीस वर्षांत ऑस्टिओआर्थ्रायटिस गाठतो. म्हणजे विशीत मैदानावर गुडघा पिरगळलेला माणूस ऐन चाळिशीत जिना उतरताना कठडा धरतो. झटक्यात वळणं, उडीवरून वाकडंतिकडं उतरणं, समोरच्याची धडक हे ज्या खेळात आहे, तिथे खरी काळजी घ्यायची.

आणि एक गोष्ट, जी व्यायामाच्या चर्चेत कोणी काढतच नाही: पोटापाण्याचं काम. फरशा बसवणारे, खाणीत काम करणारे, दिवसभर गुडघ्यांवर किंवा उकिडवं बसून वर ओझीही उचलणारे, यांच्या गुडघ्यांना धोका जास्त असतो. शेतकऱ्यांमध्ये खुब्याची झीज जास्त दिसते. सकाळी धावणाऱ्याला दुखलं तर थांबता येतं, दुसऱ्या दिवशी सुट्टी घेता येते. कामावरच्या माणसाला ती मुभा नसते, आणि माझ्या मते मोठा फरक तिथेच पडतो. ‘तुमचं काम तर व्यायामच आहे’ असं अशा माणसाला सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

वजनाचं थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या अभ्यासात ज्या स्त्रियांचं वजन दहा वर्षांत साधारण ५ किलोंनी उतरलं, त्यांचा दुखऱ्या गुडघ्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला.

पोहणं आणि सायकल उत्तमच. दुखऱ्या गुडघ्याला तर फारच सोयीचं, कारण भार कमी पडतो. आवडत असेल तर धावण्याच्या जोडीला घ्या, भीतीपोटी बदली म्हणून नको. मांडीच्या स्नायूंसाठी आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम मात्र करा आणि अंतर एकदम वाढवू नका.

आधी कधी गुडघ्याला मोठी दुखापत किंवा शस्त्रक्रिया झालीय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. झाली असेल तर वरचे हौशी धावपटूंचे आकडे तुम्हाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. आधी तपासून घ्या. धावल्यावर दुसऱ्या दिवशी गुडघा सुजत असेल किंवा मध्येच अडकत असेल, तरीही.